नऊ नंबरचा बिंदू

एका चेहऱ्यावर अडुसष्ट बिंदू.
कानापासून कानापर्यंत जबड्याची कड, ती सतरांत भागते,
मग भुवया, मग नाक,
डोळ्यांना सहा-सहा, उरलेले वीस ओठांना.
ओठांना इतके का, पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं.
भामरे सर म्हणाले,
माणूस तिथूनच जास्त हलतो.

धुळ्यातला मे महिना. तिसरा मजला, वर पत्रा.
ग्राफिक्स कार्ड नव्वदला टेकलं की पंखा रडायला लागतो,
मग मशीन बंद, मग मी खाली
टाकीच्या सावलीत उसाचा रस पीत
यंत्र निवायची वाट बघते.

फोटो आमचेच. परदेशातल्या संग्रहांत
कापडणे नव्हतं, बोरकुंड नव्हतं, मुकटी नव्हती,
म्हणून तिपाई खांद्यावर टाकून आम्ही बाजार केले.
निळा पडदा, संमतीचा कागद, सही नाहीतर अंगठा.
"चष्मा ऱ्हाऊ देऊ का?"
"हासू का नही?"
एका म्हाताऱ्यानं पडद्यापुढं टोपी काढली
आणि केस नाहीत हे आठवून परत घातली.
तो फोटो टोपीसकट घेतला.

चारशे बारा चेहरे.
मॉडेल शिकलं, बऱ्यापैकी शिकलं.
फक्त नववा बिंदू, हनुवटीचा,
काही बायकांच्या चेहऱ्यावर सरकायचा
फोटोत डावीकडे, म्हणजे बाईच्या उजवीकडे.
चार पिक्सेल. कधी पाच.
सर म्हणाले, गोंदण आहे गं, ठिपक्याला फसतंय,
गोंगाट समज, काढून टाक ते चेहरे.

मी काढणारच होते.
पण गोंगाट असा एका अंगाला झुकत नाही,
तो चहूकडे सांडतो, खळ्यातल्या भुशासारखा.
आणि इथं एकतीस बायका, पाच गावं,
कुणाचं लग्न अमळनेरात, कुणाचं साक्रीला,
ठिपका मात्र सगळ्यांचा
मधोमध सोडून तेवढाच बाजूला.

शिरूडच्या मागल्या गल्लीत सापडली धुडकाबाई.
डोळ्यांत मोतीबिंदू, सुया डब्यात, डबा फळीवर.
मला पाणी दिलं
ते डाव्या हातानं.
विचारायचं काही उरलं नव्हतं,
तरी फॉर्म होता म्हणून विचारत बसले.

लॅपटॉप अगदी नाकाशी धरून ती चेहरे बघत गेली.
चेहरे नाही. हनुवट्या.
"हाई मनी. हाई मनी.
हाई मनी नही, हाई कोनी जेवना हातनी शे."
माझ्या एकतीसांतल्या तीन तिनं अशा बाद केल्या,
आणि मी काढून ठेवलेल्यांतली एक परत आणली.
मग तिला माझे हिरवे बिंदू दिसले.
"या ठिपका कोनी दिन्हात?"
मी.
"दुखनं का त्यासले?"
नाही, म्हटलं, त्यांना कळलंसुद्धा नाही.
ती थोडा वेळ गप्प.
"दुखनं नही, त ध्यानमा कसं राही?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनंच विषय बदलला, भाव काढला:
"माले एक ठिपकाले शेरभर बाजरी भेटे. तुले?"
माझी फेलोशिप आठ महिने अडकलेली.
बाजरीसुद्धा नाही, म्हटलं.
ती हसली, आणि एकोणपन्नास ते अडुसष्ट
एकही बिंदू जागेवर राहिला नाही.

रात्री लाइट आल्यावर कोड उघडला.
तेवढा झुकाव वजा करायचा,
तर त्याला काहीतरी नाव द्यावं लागतं.
सकाळी सरांनी ती ओळ बघितली.
हे काय लिहिलंय, धुडका?
स्थिरांक, सर.
बरं, म्हणाले. मग चष्मा पुसत:
पेपरमध्ये मात्र डेल्टा लिही.